हं, बोला

फोन उचलल्यावर आपण हॅलो म्हणतो ते नावापुरतं, खरं सुरू होतं ते पुढच्या शब्दानं. "हं, बोला." हा एक शब्द मी गेली काही वर्षं नुसता ऐकत फिरतेय. तलाठी ऑफिसच्या खिडकीमागचा माणूस मान वर न करता "बोला" म्हणतो त्याचा अर्थ कशाला आलात परत. किराणावाला काट्यावर साखर ओतता ओतता "बोला ताई" म्हणतो म्हणजे यादीतलं पुढचं सांगा. एसटीचा कंडक्टर तर दोनदा म्हणतो, "बोला बोला, कुठलं?", आणि तुम्ही गावाचं नाव सांगायच्या आत त्याचं लक्ष सुट्ट्या पैशांकडे गेलेलं असतं. पुढारी माणूस खुर्चीत मागे रेलून, दोन्ही हात पोटावर ठेवून "बोला" म्हणतो तेव्हा आपण फार काही बोलू नये अशीच त्याची इच्छा असते. आणि मैत्रिणीनं रात्री साडेअकराला फोन उचलून नुसतं "बोल" म्हटलं तर ती उठून बसलीये, उशी पाठीला लावलीये आणि आता तासभर कुठे जात नाही. कीर्तन संपल्यावर "बोला पुंडलिक वरदे" म्हणतात तिथे तर काय बोलायचं हे कुणी विचारतच नाही, सगळ्यांना माहितीये.

मी मूळची अंबाजोगाईची, लग्न होऊन डोंबिवलीला आले. सासर मालवणी, नवऱ्याचं बालपण भांडुपच्या चाळीत गेलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ह्यानं माझ्या आईला फोन केला, बिचारा चांगल्या मनानं, आणि म्हणाला, "आई हिला बोलली, चार दिवस माहेरी जाऊन ये." आमच्या आईच्या हातातून फोन पडायचाच राहिला. कारण आमच्याकडे "सासू हिला बोलली" याचा एकच अर्थ होतो, सासूनं झापलं. सासूनं झापलं आणि वर माहेरी पाठवतेय. आईनं अर्ध्या तासात मोठ्या काकूला, आत्याला आणि शेजारच्या वहिनींना फोन केले, वडिलांनी लातूरहून गाडीचं रिझर्वेशन मिळतं का ते बघायला सुरुवात केली, आणि मी इकडे सासूबाईंबरोबर बसून मजेत वाल सोलत होते. त्यांनी मला अगदी प्रेमानं सांगितलं होतं, की पोरी जाऊन ये, पाऊस उघडलाय.

तर ही भानगड अशी. मुंबई-ठाण्याकडे, कोकणात बऱ्याच घरांत "तो मला बोलला" म्हणजे तो मला म्हणाला. पुणे, मराठवाडा, इकडे "माझ्याशी बोलला" वेगळं आणि "मला बोलला" वेगळं. एका प्रत्ययानं गप्पांचं भांडण होतं. नेटवर यावरून जी तुंबळ युद्धं होतात ती तुम्ही पाहिली असतीलच, कुणीतरी "मी तिला बोललो की" असं लिहितं आणि लगेच कुणीतरी खाली येऊन दुरुस्ती करतं, "म्हणालो" किंवा "सांगितलं" लिहा, मराठीची वाट लावू नका. मला पूर्वीपासून या दुरुस्तीवाल्यांचा कंटाळा आहे. माझ्या सासूबाईंची मराठी कुणाकडून शिकून बिघडलेली नाहीये, त्यांच्या आईची आणि आजीचीही तीच होती. बाकी "मी बोल्लो", "काय बोल्ते" हे ज्यांना खटकतं ते "बोले तो" वर मात्र हसतात आणि सिनेमात टाळ्या वाजवतात, ते एक असो.

पण त्या फोननंतर मला या शब्दाचा नाद लागला हे खरं. आणि नादात एक गोष्ट सापडली जी शाळेत कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकवताना आमच्या बाईंनी कधी दाखवली नव्हती. बघा, मी पुस्तक वाचलं, मी भाकरी केली, मी चार डबे भरले. क्रियापद पुस्तकाच्या, भाकरीच्या, डब्यांच्या मागे गेलं, मी बाजूला. पण बोलणं तसं वागत नाही. मी बोलले, तो बोलला, त्या बोलल्या. काय बोलले याला किंमत नाही, कोण बोललं ते क्रियापदाला चिकटून बसतं. अशी आणखी थोडी आहेत, ती धडा शिकली, तो चहा प्यायला, मी किल्ली विसरले. पण खरी मजा नवसात आहे. आजी नवस बोलली. आजीनं नवस फेडला. बोलताना क्रियापद आजीला धरून आहे आणि फेडताना ते आजीला सोडून नवसाकडे गेलं. आता व्याकरणवाले म्हणतील हा प्रयोगाचा नियम आहे, त्यात भावना शोधू नका. नाही शोधत. पण ज्यांनी नवस बोललेल्या बाईला घरात वावरताना बघितलंय त्यांना विचारा, फेडेपर्यंत तो तिला चिकटलेला असतो की नाही.

सासूबाई ह्याच्या नोकरीसाठी आंगणेवाडीच्या भराडीदेवीला बोलल्या होत्या. मालवण तालुक्यात मसुऱ्याची ही वाडी, तिथली जत्रा आता टीव्हीवर दिसते, पुढाऱ्यांच्या रांगा लागतात, मुंबईहून जादा गाड्या सुटतात. जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरवतात, त्यामुळे चाकरमानी मंडळी सुट्टी टाकायला तारखेची वाट बघत बसतात. नोकरी लागली आणि काही ना काही कारणानं जाणं लांबत गेलं. कधी कुणाचं बाळंतपण, कधी ऑफिसची सुट्टी नाही, कधी तिकीट नाही. त्या काळात घरात काहीही झालं, मिक्सर जळला, ह्याला ताप आला, माझं पाकीट लोकलमध्ये मारलं, की सासूबाई देवघराकडे बघून पुटपुटायच्या, "बोललंय तां हा माज्या ध्यानात." देवीनं काही आठवण केली नव्हती. कागद नाही, सही नाही, साक्षीला माणूस नाही, बोललं तेही मनातल्या मनात. तरी तारीख उलटलेल्या हप्त्यासारखं ते त्यांच्या डोक्यावर होतं. शेवटी गेलो, ओटी भरली, आणि परतीच्या गाडीत त्या जी झोपल्या ती पनवेलला उठल्या.

कोकणात देवाशी नुसतं हात जोडून भागत नाही, बोलावं लागतं, मोठ्यानं आणि सगळ्यांच्या देखत. गाऱ्हाणं घालतात ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते भाषण वाटलं, मग वाटलं भांडण चाललंय. मानकरी देवळात उभा राहतो, खांद्यावर पंचा, आणि सुरुवात करतो, "बा देवा म्हाराजा..." आणि मागची सगळी मंडळी एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" आज ही लेकरां तुझ्या पायाशी इली हत. व्हय म्हाराजा. जी काय इडापिडा आसात ती दूर कर. व्हय म्हाराजा. वाकड्या नजरेन कोण बघीत आसात तर तेका तुया बघून घे. व्हय म्हाराजा! या शेवटच्या वाक्याला होकार सगळ्यात जोरात येतो. यात विनंती आहे, थोडी दमदाटी आहे, नावानिशी हजेरी आहे, आणि सगळ्यांनी व्हय म्हटल्यामुळे आता ते एकट्या मानकऱ्याचं राहिलेलं नाही. बोलाफुलाला गाठ पडली असं आपण सहज म्हणतो, नाव काढलं आणि माणूस दारात उभा, की म्हणतो. मला तो शब्द कळला तो इथे, मूर्तीला कळ्या किंवा तांदूळ लावून कौल मागतात आणि बोलणारा बोलत असतानाच उजवीकडची कळी पडते तेव्हा.

आता बोलीकडे येते. बोली म्हणजे अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली, हे सगळ्यांना माहिती. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा बोलींबद्दलही बरंच चांगलं चांगलं बोललं गेलं. पण आमच्या गावाकडे बोली म्हणजे अट. "परत द्यायच्या बोलीवर घेतलेत", "अर्ध्या हिश्शाच्या बोलीवर शेत दिलंय". आमच्या आजोबांकडे सालगडी असायचा. सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, गुढी उतरायच्या आत कुणाकडे कोण राहणार ते ठरलेलं असायचं. ओसरीवर बसून बोली व्हायची. रोख किती, ज्वारी किती पोती, कपड्याचे जोड, पायताण, सणासुदीला काय, आजारी पडला तर काय. मला आठवतं ते आजोबांचं एक बोट, ते प्रत्येक अटीला सतरंजीवर टेकायचं. लिहून काही नाही. सुपारी कातरून दिली, चहा झाला, साल ठरलं. यानंतर गड्यानं मध्येच सोडलं तर "बोलीला जागला नाही" असं अख्ख्या पंचक्रोशीत व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला त्याला कुणी विचारायचं नाही. मालकानं पोत्यात हलकी ज्वारी घातली तर मात्र त्याला "अडचण होती" म्हणायचे. आजोबा माझे होते, माणूस वाईट नव्हता, पण हे असंच होतं.

आणि तोच गडी एखाद्या दिवशी म्हणाला, की मालक, चप्पल ठरली होती ना, तर त्याला बोलीची आठवण करून देणं नाही म्हणायचे. त्याला उलटून बोलणं म्हणायचे. वर तोंड करून बोलतो. तोंड लई चालतंय. मालकाचं ते बोलणं आणि गड्याचं ते तोंड. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं आणि माथ्यावर तुकोबांचे शब्द छापले, "निःशंक हे तोंड वाजविले". वाणी नाही, वाचा नाही, तोंड. लहानपणी हे वाचलं असतं तर मला काही कळलं नसतं. ओसरीवरच्या त्या सतरंजीवर कोण बसायचं आणि खाली जमिनीवर कोण, ते मोठेपणी पुन्हा डोळ्यांसमोर आणल्यावर तो शब्द का निवडला असेल ते कळलं. आता आमच्या बीड जिल्ह्यात सालगडी मिळत नाहीत म्हणून मोठे शेतकरी कुरकुरतात, माणसं ऊसतोडीला जातात, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर. उचलीचंही पुष्कळसं बोलण्यावरच चालतं. फिटली किती आणि राहिली किती हे मुकादम बोलेल ते.

लिलावातली बोली आणखी वेगळी. माझा मावसभाऊ येवल्याकडे कांदा करतो, त्याच्याबरोबर एकदा लासलगावच्या मार्केटला गेले होते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगाच रांगा, धूळ, कांद्याचा उग्र वास, आणि व्यापाऱ्यांचा एक घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. मूठभर कांदा उचलतात, अंगठ्यानं दाबून बघतात, पुकारणारा भराभर आकडे म्हणत जातो आणि कुणीतरी मान हलवतं की झालं. माझ्या भावानं चार महिने पाणी भरलं, रात्री अपरात्री मोटर चालू करायला गेला, वीज बऱ्याचदा रात्रीचीच असते ना, आणि त्या सगळ्याची किंमत ठरायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तो स्वतः एक शब्द बोलला नाही. माल त्याचा, बोली दुसऱ्यांची. चिठ्ठी हातात आली की वाटतं सुटलो, पण नाही. खळ्यावर माल खाली करताना व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो खालचा कांदा वेगळा निघाला, बघा, जोड आहे, बारीक आहे, आणि भाव पाडून मागतो. याला तिकडे वांधा काढणं म्हणतात. चारचौघांत, उघड्या लिलावात पुकारलेला भाव आणि खळ्यावर दोघातिघांत तो परत कुरतडायचा. भाऊ म्हणाला भांडत बसलो तर दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं आणि डिझेलचा खर्च आहेच, मग घेतो तडजोड करून.

त्यापेक्षा जनावरांच्या बाजारातली जुनी रीत मला जास्त आवडते, जिथे कुणी बोलतच नाही. नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लहानपणी बघितलंय, दोन माणसं समोरासमोर उभी, मध्ये उपरणं टाकलेलं, त्याखाली हातात हात. बोटं धरून आकडा सांगायचा. चेहऱ्यावर काही नाही. एकानं मान हलवली, हात झटकला, चालू लागला, दुसऱ्यानं परत ओढून आणला. आजूबाजूला पन्नास माणसं उभी आणि कुणाला काही कळत नाही. आमचे काका म्हणायचे भाव बोलून दाखवला की बैलाची नाही, माणसाची किंमत सगळ्यांना कळते.

लग्नाची बोलणी मात्र बोलूनच होतात, आणि फार वेळ भलतंच बोलून होतात. मामेबहिणीच्या बोलणीला मी कॉलेजात असताना दाराच्या आड उभी राहून सगळं ऐकलंय. पाहुणे आले, पाय धुतले, पोहे झाले. मग पावसावर बोलणं झालं, मग सोयाबीनच्या भावावर, मग अमक्याच्या बायपासवर, मग नवीन हायवेत कुणाची किती जमीन गेली त्यावर. तास सव्वा तास कुणी लग्नाचं नाव काढेना. मी आत येऊन मामीला सांगितलं, ते तर रस्त्याबद्दल बोलतायत. मामी म्हणाली, थांब, येतील. आणि मध्यस्थानं एकदाचं घसा खाकरून म्हटलं, "मग, बोला पाव्हणं." त्या एका वाक्यानं सगळ्यांची बसायची पद्धत बदलली. मांड्या सावरल्या, टोप्या सारख्या झाल्या, मामानं कारण नसताना पाण्याचा तांब्या सरकवला. मग मानपान किती, लग्न कुणाच्या दारात, जेवण कुणाकडे, कपडे कुणाचे, आणि "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला" हे जगप्रसिद्ध वाक्य. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, त्यामुळे हुंडा हा शब्द त्या खोलीत कुणीही उच्चारला नाही. बाकी सगळं उच्चारलं. शेवटी याद्या झाल्या, सुपारी फुटली. आणि जिच्याबद्दल हे चाललेलं ती मामेबहीण आतल्या खोलीत कपाटाला टेकून बसलेली, एक शब्द नाही, तिला कुणी बोला म्हटलं नाही. मध्ये एकदाच मोठ्या आत्यानं दारातून "अहो पण मुलीचं शिक्षण पूर्ण" असं सुरू केलं तर आजोबांनी नुसतं बघितलं. बायकांनी मध्ये बोलू नये.

आणि बघा ना, हीच बोलणी दुसरीकडे खायची असतात. मी बोलणी खाल्ली, तिला बोलणी बसली. एकाच शब्दात पुरुष मंडळी ओसरीवर बसून करतात ती आणि सुना स्वयंपाकघरात खातात ती. टाकून बोलणं, लागट बोलणं, घालून पाडून बोलणं, तोडून बोलणं, तिरकं, टोचून, आडून, आपल्याकडे दुखवायच्या बोलण्याला जेवढे प्रकार आहेत तेवढे गोड बोलण्याला नाहीत, म्हणून बहुतेक वर्षातून एकदा संक्रांतीला हातावर तीळगूळ ठेवून गोड बोला अशी सूचना द्यावी लागते. आमची एक आत्या तीळगूळ देताना म्हणायची, "घे, आणि निदान आजच्या दिवस तरी." पुढचं म्हणायची नाही.

अबोल्यावर मात्र मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण आमच्या घरात त्याची मोठी परंपरा आहे. अबोला म्हणजे शांतता असं ज्यांना वाटतं त्यांनी तो घरात अनुभवलेला नाही. आईबाबांचा अबोला असला की आमचं घर एरवीपेक्षा जास्त बोलकं व्हायचं. भांडी बोलायची, दारं बोलायची, आई विविधभारतीचा आवाज वाढवायची. आणि मी, आठनऊ वर्षांची, पोस्टमन. आई ओट्यापाशी, बाबा तिच्यापासून दोन हातांवर पेपर धरून, आणि आई मला म्हणणार, "बाबांना सांग, आंघोळीचं पाणी काढलंय." मी बाबांकडे तोंड करून सांगणार, बाबा, आंघोळीचं पाणी काढलंय. बाबा पेपरातून, "आईला विचार टॉवेल कुठाय." टॉवेल समोर दोरीवर. मी एकदा कंटाळून म्हटलं की तुम्हाला ऐकू येतंय की दोघांना, तर दोघंही माझ्यावरच ओरडले, तेवढ्यापुरते एक झाले. अबोल्याचे नियम पक्के असतात. जेवायला वाढायचं, डबा द्यायचा, सदऱ्याची बटणं लावायची, फक्त थेट बोलायचं नाही. मुलं शाळेत गेली तर मांजराला सांगायचं, "काही लोकांना भाजीत मीठ कमी लागतं." लेकी बोले सुने लागे ही म्हण सासवांनी काढली म्हणतात, पण नवराबायको ती जास्त वापरतात. आणि अबोला सोडायचा कुणी, हा खरा प्रश्न. आधी बोलेल तो हरला. आमच्याकडे तो बहुतेक वेळा पाहुणा येऊन सुटायचा, काका दारात उभे दिसले की आई बाबांना एकदम म्हणायची, "अहो, बसायला खुर्ची द्या की," आणि बाबा द्यायचे, झालं, त्यावर पुढे चर्चा नाही. हल्ली ब्लॉक करतात म्हणे. त्यात ती मजा नाही, आंघोळीचं पाणी कोण काढणार मग.

भावकीतला अबोला वेगळा, तो पिढ्यानपिढ्या चालतो. "आमचं त्यांचं बोलणं नाही" असं एक वाक्य आमच्याकडे शेताच्या बांधाबरोबर वारसाहक्कानं मिळतं. का नाही ते आजोबांना माहिती होतं.

मुलगा तबला शिकायला जातो, तिथे गुरुजी पहिल्या दिवसापासून बोल म्हणून घेतात. हात नंतर. धा तिरकिट धा, टाळी देत तोंडानं नीट आलं तरच डग्ग्याला हात लावायचा. पोरगा घरी येऊन सांगतो, "सर बोलले बोल बोलल्याशिवाय वाजवायचं नाय." माझ्या आईनं हे फोनवर ऐकलं आणि विचारलं, सर का बोलले, काय केलं लेकरानं? म्हटलं आई, ही डोंबिवलीची पिढी आहे, सर बोलले म्हणजे म्हणाले.

आईला आता सवय झालीये म्हणा. पण परवा नवीनच झालं. भाची पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे, दिवाळीला सगळे अंबाजोगाईला जमलो होतो, आणि कुणीतरी तिला लग्नाचं विचारलं तर ती फराळाच्या ताटातली चकली मोडत म्हणाली, "सध्या एका मुलाशी बोलतेय." सगळे गप्प. आमच्या गावाकडे एखादी मुलगी एखाद्या मुलाशी "बोलते" असं जेव्हा म्हणतात ना, तेव्हा ते आवाज उतरवून म्हणतात, आणि ऐकणारा "हो का?" म्हणून खुर्ची पुढे ओढतो. काकू लाडू वळायची थांबली. भाचीनं ते चेहरे बघितले आणि समजवायला लागली, की तसं काही नाही, नुसतं बोलतोय, टॉकिंग स्टेज म्हणतात त्याला, अजून काही ठरलेलं नाही, अजून भेटलोय पण दोनदाच, मेसेजवरच बोलतो जास्त. म्हणजे टाइप करतात. त्यालाही बोलणंच म्हणतात हल्ली, मीसुद्धा म्हणते, कालच बोलणं झालं तिच्याशी, आणि आवाज दोन महिन्यांत ऐकलेला नसतो.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बोलणी कधी?"

"आजी, बोलणं वेगळं, बोलणी वेगळी."

"मग बोलता कशाला उगीच?" आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मला वाटलं विषय संपला. डोंबिवलीला परत आल्यावर आठवड्याभरात आईचा फोन, दुपारी, बाबा झोपलेले असतात त्या वेळेला, आवाज एकदम खाली. "त्या पोराचं गाव कुठलं गं? आडनाव तरी काढून घे तिच्याकडून, आपल्याकडचं कुणी ओळखीचं निघतं का बघते. आणि मी विचारलं म्हणून कुठं बोलू नकोस."